विझलेल्या चुली पेटवणारा पाहुणा: विषाणूची दोन जनुकं आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

मागच्या वेळी आपण विषाणू पेशीत शिरतो कसा, इथपर्यंत आलो होतो. आज त्याच्या पुढचं. आत शिरलेला विषाणू पेशीची स्वतःची जनुकं आपल्या सोयीनं कशी चालू-बंद करतो, आणि त्यातून कर्करोगाची गाठ कशी उभी राहते?

माणसात कर्करोगाला कारण ठरणारे विषाणू बरेच आहेत. हिपॅटायटिस बी आणि सी यकृतात, एप्स्टाइन-बार लसिकापेशींमध्ये, आणखीही काही. सगळ्यांना एका तासात हात लावला तर हाती काही लागणार नाही. म्हणून आम्ही आज एकच विषाणू घेतो आहोत, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. एक कारण असं की यातली यंत्रणा सगळ्यात स्वच्छ कळलेली आहे. दुसरं कारण जवळचं आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात साधारण १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार जणी त्यानं गेल्या. या रोगाचं कारण माहीत आहे, तो व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तो अडवताही येतो. तरी ८० हजार.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला करू. विषाणूमुळे कर्करोग होतो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं, विषाणूनं डीएनएची मोडतोड केली आणि पेशी बिघडली. एचपीव्हीची गोष्ट अशी सुरू होत नाही. पेशीच्या डीएनएमधलं एक अक्षरसुद्धा न बदलता तो पेशीचं वागणं पार बदलून टाकतो. कसं, तर जनुकं तीच राहतात, त्यातली कुठली वाचली जातात ते बदलतं.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी साधारण २० हजार जनुकं असतात. यकृताच्या पेशीत तीच, त्वचेच्या पेशीत तीच. फरक एवढाच की प्रत्येक पेशी त्यातली काही वाचते, बाकीची मिटून ठेवते. वाचते म्हणजे त्या जनुकाची आरएनएमध्ये नक्कल काढते आणि त्यावरून प्रथिन बनवते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. कुठलं जनुक कधी वाचायचं हे ठरवणारी प्रथिनंही पेशीतच असतात, ती डीएनएवर ठराविक जागी बसतात. एखादं प्रथिन बसलं की जनुक चालू होतं, एखादं बसलं की बंद. आजची सगळी गोष्ट या बसणाऱ्या-उठणाऱ्या प्रथिनांची आहे.

आता विषाणूची अडचण बघा. हो, अडचण त्याचीही आहे.

एचपीव्हीचा सगळा डीएनए जेमतेम ८ हजार अक्षरांचा, एक छोटं वर्तुळ. आपला ३०० कोटींहून जास्त अक्षरांचा. एवढ्याशा डीएनएमध्ये तो फारसं सामान बाळगू शकत नाही. स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढायला लागणारं मुख्य यंत्र, डीएनए पॉलिमरेज, त्याच्याकडे नाहीच. ते पेशीचंच वापरावं लागतं. आणि इथं घोळ होतो. गर्भाशयमुखाचं अस्तर थरांचं असतं. सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी विभागत राहतात, नवीन पेशी वर सरकतात, वर सरकताना विभागणं थांबवतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. विषाणू एखाद्या बारीकशा खरचटीतून खालच्या थरात शिरतो, पण त्याला आपल्या भरपूर प्रती काढायच्या असतात त्या वरच्या थरात. तिथं रोगप्रतिकारशक्तीचा पहारा ढिला असतो आणि पेशी गळून पडल्या की विषाणू आपोआप बाहेर पडतो. सोय उत्तम. फक्त वरच्या थरातल्या पेशींनी डीएनएच्या प्रती काढण्याचं काम केव्हाच बंद केलेलं असतं.

लग्नाच्या कार्यालयात शेवटची पंगत उठलीय, चुली विझल्यात, भांडी घासून पालथी घातलीत, भटारखान्याला कुलूप लागलंय. आणि त्या वेळी एक पाहुणा येतो, ज्याच्याकडे फक्त पाककृतीचा कागद आहे. ना भांडं, ना शेगडी. त्याला जेवण हवं असेल तर एकच उपाय, बंद झालेला भटारखाना पुन्हा चालू करायचा. एचपीव्ही नेमकं हेच करतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे दोन जनुकं आहेत. त्यांची नावं अगदीच रुक्ष आहेत: ई६ आणि ई७. ई७ पासून बनणारं प्रथिन साधारण १०० अमिनो आम्लांचं, ई६ चं साधारण १५०. प्रथिनांच्या दुनियेत ही चिल्लीपिल्ली.

आधी ई७ बघू. पेशीत आरबी नावाचं एक प्रथिन असतं. रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगावरून ते नाव आलं, कारण तिथं हे जनुक नादुरुस्त असतं. आरबीचं काम कुलपाचं. ई२एफ नावाच्या प्रथिनांना ते धरून ठेवतं. ई२एफ मोकळं असलं की डीएनएवर बसून बरीच जनुकं एकदम चालू करतं: डीएनए पॉलिमरेजची, डीएनएचा कच्चा माल बनवणाऱ्या विकरांची, विभाजनाचा पुढचा टप्पा सुरू करणाऱ्या सायक्लिन ई आणि सायक्लिन ए यांची. थोडक्यात, भटारखान्याचं सगळं साहित्य. आरबी नुसतं ई२एफला धरून थांबत नाही, ते आणखी काही विकरं बोलावून घेतं आणि आसपासचा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवतं, म्हणजे कुणी वाचूच शकणार नाही. निरोगी पेशीला खरोखर विभागायचं असेल तेव्हा बाहेरून वाढीचा निरोप येतो, सायक्लिन डी आणि त्याचे जोडीदार आरबीवर फॉस्फेटचे गट चिकटवतात, आरबीची पकड सुटते. काम झालं की आरबी पुन्हा जागेवर.

ई७ हा निरोप येण्याची वाटच बघत नाही. ते थेट आरबीला चिकटतं, ई२एफ सुटतं, आणि ई७ आरबीला पेशीच्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्राकडे, प्रोटिअसोमकडे, रवाना करतं. कुलूप उघडलं असंसुद्धा म्हणता येणार नाही, कुलूपच भंगारात गेलं. बाहेरून वाढीचा कुठलाही निरोप नसताना, वरच्या थरातली निवांत झालेली पेशी डीएनएच्या प्रती काढायला लागते. त्या गडबडीत विषाणूचा डीएनएही छापून निघतो.

इथं एक गोष्ट आम्हाला फार विलक्षण वाटते. ई७ चा जो तुकडा आरबीला पकडतो तो जेमतेम पाच अमिनो आम्लांचा आहे. अगदी तसाच तुकडा अॅडेनोव्हायरसच्या ई१ए प्रथिनात आहे आणि माकडांमधल्या एसव्ही४० विषाणूच्या लार्ज टी प्रथिनातही आहे. हे तीन विषाणू वेगवेगळ्या कुळांतले. पण तिघांची गरज एक, झोपलेली पेशी जागी करायची, आणि तिघांचं बोट एकाच कळीवर. १९८८-८९ च्या सुमारास हे एकापाठोपाठ एक उघडकीला आलं. तोवर आरबी महत्त्वाचं आहे हे मुलांच्या डोळ्यांच्या दुर्मीळ कर्करोगावरून माहीत होतं. तीन विषाणू एकाच प्रथिनावर येऊन धडकतात म्हटल्यावर ते पेशीच्या कारभाराच्या मध्यभागी बसलेलं आहे हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

पेशी काही अगदीच भोळी नसते. ई२एफ असं अवेळी सुटलं की तिला शंका येते. एका साखळीतून पी५३ नावाच्या प्रथिनाची पातळी वाढायला लागते. पी५३ स्वतःसुद्धा डीएनएवर बसून जनुकं चालू करणारं प्रथिन आहे, पण त्याची यादी वेगळी. विभाजन थांबवणारं पी२१, डीएनए दुरुस्त करणारी काही जनुकं, आणि अगदीच गत्यंतर नसेल तर पेशीला आत्महत्या करायला लावणारी जनुकं. एकट्या ई७ वर विषाणूचं भागलं नसतं. पेशी मेली असती, पाहुण्याचं जेवण राहिलं असतं.

म्हणून ई६. ई६ ची पद्धत ई७ पेक्षाही चलाख. पेशीत निरुपयोगी प्रथिनांवर युबिक्विटिन नावाचा छोटा शिक्का मारणारी विकरं असतात, शिक्का पडला की ते प्रथिन प्रोटिअसोमकडे जातं. ई६ अशाच एका विकराला हाताशी धरतं, त्याला पी५३ च्या शेजारी आणून उभं करतं आणि पी५३ वर शिक्के मारायला लावतं. हे विकर एरवी पी५३ च्या वाटेला जात नाही. १९९० मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की ई६ च्या उपस्थितीत पी५३ भराभर नष्ट होतं. ज्या विकराला ई६ हाताशी धरतं ते शास्त्रज्ञांना सापडलंच या विषाणूमुळे, आणि पुढे कळलं की मेंदूच्या वाढीतल्या अँजेलमन सिंड्रोम या आजारात नेमकं याच विकराचं जनुक नादुरुस्त असतं. विषाणूचा पाठलाग करताना कुठल्या कुठे पोचतो आपण!

पी५३ चीही एक गंमत सांगून टाकू. ते १९७९ मध्ये सापडलं तेही एका विषाणूमुळेच, एसव्ही४० च्या लार्ज टी प्रथिनाला चिकटलेलं. जवळजवळ दहा वर्षं त्याला कर्करोग घडवणारं प्रथिन समजत होते. १९८९ च्या आसपास उलगडा झाला की प्रयोगांमध्ये वापरलेली बरीच जनुकं बिघडलेल्या रूपातली होती, आणि खरं पी५३ कर्करोग रोखतं. चोराच्या शेजारी उभा दिसला म्हणून पोलिसालाच दहा वर्षं चोर समजलं, असं झालं.

ई६ आणखी एक काम करतं. आपल्या गुणसूत्रांची टोकं दर विभाजनाला थोडी झिजतात, म्हणून साध्या पेशी ठराविक वेळा विभागून थांबतात. टोकं पुन्हा बांधणारं टेलोमरेज हे विकर बहुतेक पेशींमध्ये बंद असतं. ई६ त्याचं जनुक चालू करतं. आता कुलूप नाही, पहारेकरी नाही, आणि वयही नाही.

या सगळ्याची एक खूण पॅथॉलॉजीच्या टेबलावर रोज दिसते. पी१६ हे प्रथिन विभाजनाला विरोध करणारं. आरबीला ढिलं करणारी विकरं ते अडवतं. ई७ मुळे पेशी अवेळी विभागायला लागली की ती घाबरून पी१६ चा ढीग लावते. पण पी१६ चं काम आरबीच्या आधीच्या पायरीवर, आणि आरबीच गायब! म्हणजे धोक्याची घंटा जोरजोरात वाजते आहे आणि घरात कुणी नाही. तुकड्यावर पी१६ चा रंग दिला की एचपीव्हीनं पछाडलेला भाग गडद तपकिरी दिसतो आणि डॉक्टरांना निदानाला मदत होते. घंटेचा एवढा तरी उपयोग.

आता कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की मग एचपीव्ही झालेल्या प्रत्येकीला कर्करोग का होत नाही? हा संसर्ग इतका सर्रास आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघूनही जातो. पत्ताही लागत नाही.

याचं एक उत्तर रोगप्रतिकारशक्तीत आहे, आणि एक विषाणूच्या स्वतःच्या शिस्तीत. विषाणूकडे ई२ नावाचं आणखी एक जनुक आहे. त्याचं प्रथिन विषाणूच्याच डीएनएवर बसतं आणि ई६-ई७ चं वाचन लगामात ठेवतं. पाहुण्याला पोटापुरतं जेवण हवं असतं, कार्यालय जाळायचं नसतं. पेशी वर सरकते, विषाणूच्या प्रती निघतात, पेशी गळून जाते, संपलं. एचपीव्ही ६ आणि ११ या प्रकारांचं बघा. त्यांचं ई७ आरबीला अगदी सैल पकडतं, त्यांचं ई६ पी५३ ला तसं नष्ट करत नाही. त्यांच्यामुळे चामखिळी येतात, गर्भाशयमुखाचा कर्करोग सहसा नाही. १६ आणि १८ हे प्रकार मात्र दोन्ही कामं जोमानं करतात, आणि जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोघांमुळे होतात.

संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला की मग अपघाताची वेळ येते. विषाणूच्या डीएनएचं वर्तुळ तुटतं आणि पेशीच्या एखाद्या गुणसूत्रात जाऊन अडकतं. तुटताना ते बरेचदा ई२ च्या भागात तुटतं. ई६ आणि ई७ शाबूत, त्यांचा लगाम गेला. शिवाय आता त्यांचे आरएनए पेशीच्या आरएनएला जोडून निघतात आणि जास्त काळ टिकतात. पी५३ नसल्यामुळे दर विभाजनात होणाऱ्या चुका तशाच राहतात, गुणसूत्रं वेडीवाकडी वाटली जातात, आणि मग खरोखरीची मोडतोड सुरू होते. गंमत म्हणजे, आणि गंमत हा शब्द इथं फारच क्रूर आहे, असा अडकलेला विषाणू स्वतःच्या नव्या प्रती बनवूच शकत नाही. गाठीतून विषाणू बाहेर पडत नाही. विषाणूच्या दृष्टीनं कर्करोग म्हणजे बंद गल्ली. त्याला यातून काहीही मिळत नाही.

हे सगळं एका मूर्तिमंत उदाहरणात दिसतं. १९५१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, हेन्रिएटा लॅक्स नावाच्या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखावरच्या गाठीचा तुकडा काढला गेला. तिला विचारलं नव्हतं. पाच मुलांची ती आई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. तिच्या पेशी मात्र वाढत राहिल्या आणि हेला या नावानं जगभर गेल्या. पोलिओच्या लसीच्या कामात त्या वापरल्या गेल्या, आणि त्यानंतर असंख्य ठिकाणी. या पेशी एवढ्या न थकता का वाढतात, हे पुढची तीस-एक वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं.

जर्मनीतले हाराल्ड त्सूर हाउझेन सत्तरीच्या दशकापासून सांगत होते की या कर्करोगामागे पॅपिलोमा विषाणू असावा. तेव्हा संशय होता नागिणीच्या कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्सवर, आणि त्यांचं ऐकायला फार कुणी उत्सुक नव्हतं. १९८३ मध्ये त्यांच्या गटानं एचपीव्ही १६ शोधला, पुढच्या वर्षी एचपीव्ही १८. आणि हा १८ हेला पेशींमध्येही सापडला. लवकरच दिसलं की गाठींमध्ये विषाणूची बाकीची जनुकं तुटलेली किंवा मुकी असली तरी ई६ आणि ई७ मात्र शाबूत असतात आणि सतत वाचली जात असतात. २००८ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं. हेला पेशींमध्ये विषाणू आठव्या गुणसूत्रावर अडकलाय, मायसी या वाढीला जोर देणाऱ्या जनुकापासून साधारण ५ लाख अक्षरांवर, आणि डीएनए वळून जवळ येत असल्यामुळे एवढ्या लांबूनसुद्धा तो मायसीचं वाचन वाढवतो. दुर्दैव म्हणजे किती दुर्दैव.

आता आमच्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग. हेला पेशींमध्ये आरबी आणि पी५३ यांची जनुकं बिघडलेली नाहीत. ती धडधाकट आहेत, फक्त त्यांची प्रथिनं बनल्या बनल्या नष्ट केली जातात. मग ई२ परत दिलं तर? येल विद्यापीठात गुडविन आणि डिमायो यांनी ते केलं, २००० साली ते प्रसिद्ध झालं. त्यांनी गाईच्या पॅपिलोमा विषाणूचं ई२ जनुक हेला पेशींत घातलं. ई६-ई७ चं वाचन थांबलं. पी५३ वाढलं, आरबी जागेवर आलं, ई२एफची जनुकं मिटली. आणि जवळजवळ पन्नास वर्षं न थांबता वाढणाऱ्या या पेशी काही दिवसांत थांबल्या, म्हाताऱ्या पेशींसारख्या पसरट झाल्या. एवढी वर्षं, एवढी गुणसूत्रांची नासाडी, आणि तरीही सगळा डोलारा दोन छोट्या जनुकांवर उभा होता. ब्रेक तुटलेले नव्हतेच. कुणीतरी पाय दाबून धरला होता.

हे ऐकून लगेच मनात येतं, मग ई६-ई७ बंद करणारं औषध द्या ना. प्रयत्न चालू आहेत, पण प्रयोगशाळेतल्या पेशीत ई२ घालणं वेगळं आणि रुग्णाच्या शरीरातल्या प्रत्येक गाठपेशीत ते पोचवणं वेगळं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असं औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधं यांवरच भिस्त आहे.

आम्ही गावोगावी बोलायला जातो तेव्हा हमखास एक प्रश्न येतो: "लस आहे म्हणता, मग ज्या बाईला गाठ झालीय तिला देऊन बरी करता येईल का?" नाही. आणि का नाही, ते आता तुम्हीच सांगू शकाल. लसीमध्ये एल१ नावाच्या प्रथिनाचं रिकामं कवच असतं, आत डीएनए काही नाही. शरीर त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि विषाणू शिरायच्या आधीच ती त्याला अडवतात. पण गाठीच्या पेशीत विषाणू कवच बनवतच नाही. तिथं फक्त ई६ आणि ई७ वाचली जातात. ज्या प्रथिनाला ओळखायला शिकवलं ते तिथं हजरच नाही, तर प्रतिपिंडं धरणार कुणाला? म्हणून लस आधी, लहान वयात.

दुसरा प्रश्न सहसा मोठ्यानं विचारला जात नाही. सभा संपल्यावर कुणीतरी बाजूला येऊन हळूच विचारतं: "हा विषाणू कुणाकडून आला असेल?" याला शास्त्राकडे उत्तर नाही, आणि आम्हाला वाटतं तो प्रश्न सोडूनच द्यावा. संसर्ग आणि गाठ यांच्यात पंधरा-वीस वर्षं जातात, संसर्गाची खूण कुणालाच दिसत नाही, पुरुष स्वतःला पत्ता नसताना तो वाहून नेतात. या निदानावरून बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवणारे लोक आम्ही पाहिलेत. त्यांना ई२एफ समजावून सांगायचा मोह होतो, पण ते ऐकायला थांबत नाहीत.

तपासणीबद्दल मात्र आपल्या महाराष्ट्रानं जगाला काहीतरी दिलंय. १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधारानं एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रिया, गावांचे ५२ समूह. काही गावांत एचपीव्हीची डीएनए चाचणी, काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगरसारखं अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि काही गावांत नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात, फक्त एकदा केलेल्या चाचणीनंतर, आठ वर्षांत या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या व्यवस्थेच्या गटात ६४. दोन्ही गट आकारानं साधारण सारखे. विषाणू थेट शोधणं हे पेशींच्या दिसण्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा उपयोगी पडलं, हे या गावांनी दाखवलं. ज्या गटाला कुठलीच तपासणी मिळाली नाही, त्यांच्याबाबत पुढे नैतिक प्रश्न उपस्थित झाले. आम्हाला तो आक्षेप रास्त वाटतो. ते ६४ आकडे नव्हते, त्यांना घरं होती.

लसीच्या बाबतीतही आपल्याकडचा एक अभ्यास जगभर उद्धृत होतो, आणि तो बिघडला म्हणूनच एवढा उपयोगी पडला. २००९ मध्ये भारतातल्या बऱ्याच केंद्रांवर, त्यात बार्शी, पुणे आणि मुंबईही होती, दोन डोस की तीन हे तपासायला मुलींचं लसीकरण सुरू झालं. २०१० मध्ये सरकारनं एचपीव्ही लसीचे सगळे अभ्यास थांबवले, कारण आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. लसीमुळे ते मृत्यू झाले असं चौकशीत दिसलं नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर त्रुटी मात्र आढळल्या. अभ्यास मध्येच अडकला. तोवर नोंदलेल्या सुमारे १८ हजार मुलींपैकी जवळजवळ ५ हजार जणींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर न सोडता वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. साधारण ९ वर्षांनंतर दिसलं की टिकून राहणाऱ्या १६ आणि १८ च्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षणही ९० टक्क्यांहून जास्त होतं, दोन आणि तीन डोसच्या बरोबरीचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल अशी शिफारस केली, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचाही वाटा आहे. त्याच वर्षी पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला भारतात परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे.

वेळ संपत आलीय, पण एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय तो घेतो: "लस घेतली तर पुढे तपासणी लागणार नाही ना?" लागेल. ३१, ३३, ४५ असे आणखी काही प्रकारही ई६-ई७ चं हेच काम करतात आणि चार प्रकारांच्या लसीत ते नाहीत. ज्यांना लस मिळालीच नाही, म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या बहुतेक जणी, त्यांना तर नक्कीच लागेल. जागतिक आरोग्य संघटना किमान दोनदा, ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत, एचपीव्ही चाचणी झालेली असावी असं म्हणते. चाचणीत विषाणू सापडला तर कर्करोग झाला असा त्याचा अर्थ नाही. पेशी अजून बऱ्याच अंशी स्वतःच्या ताब्यात आहे आणि आपल्या हातात बहुधा काही वर्षं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पुढची तपासणी तेवढी चुकवू नका.